भुईला ठेवलेला कोयता

मलनचाची धारंची वस्तू कवा कुनाच्या हातात द्यायची न्हाई. विळी असू दे, शिंप्याची कात्री असू दे न्हायतर कोयता, धार लावून झाली की भुईला ठेवायची, मूठ आपल्याकडं करून, आनि दोन पावलं मागं सरायची. मंग आपन उचलायचं. हातात दिली तर भांडान हुतं म्हनायची. मला पयल्यांदा म्हाईत नव्हतं, म्या आपला हात पुढं केला, तर ती गुमान बघतच बसली माज्याकडं. मला वाटलं माजंच कायतरी चुकलं. मला तसं लवकर वाटतं. दार वाजलं तरी वाटतं.

कुपवाडला आमच्या लाईनीत सात खोल्या, वर पत्रा. आमची दुसरी, चाचीची शेवटची. जातीची शिकलगार, धार लावनाऱ्यांतली. साठीची आसंल, काटकुळी, दातांला मिसरी, लुगड्यावरनं नवऱ्याचा खाकी शर्ट घातल्याला, ठिनग्या उडत्यात म्हनून. आनि कपाळावर काळा चश्मा. त्यो फौंड्रीतल्या एका वेल्डरनं दिल्याला. चाक फिरायला लागलं की डोळ्यांवर, थांबलं की कपाळावर. बाजारात पन तशीच जायची. तिचं चाक म्हंजी लाकडाचा घोडा, त्यात सायकलीचं चाक आनि पट्टा, वर धारेचा दगड. पायानं दाबायचं. सगळा संसार खांद्यावर टाकून सकाळी कंपनीच्या गेटावर जायची, लिंबाखाली बसायची.

मी लगीन हून आले तवा तिनं इचारलं, "म्हायेर कुठलं गं बेटी?"

मी म्हनलं, "वडूजच्या पल्याड. मेंढरं हुती आमची, आता शेती हाय थोडी."

तिनं चाक थांबवलं. चश्मा वर केला. "मंग तू माजीच की, मी बी तिकडचीच. वडूजचं कोर्ट बघितलंयस?"

"न्हाई. बाजार बघितलाय."

"चांगलं हाय. बाजारच बघ."

कोर्टाच्या व्हरांड्यात चाची सात वर्सं बसल्याली. त्ये तिनं मला एकदम न्हाई सांगितलं. माजी लेक आरू पोटात हुती तवा मी दुपारची तिच्याकडं जाऊन बसायची, तवा थोडं थोडं सांगायची, मदीच चाक फिरवायची आनि मंग काय ऐकाया यायचं न्हाई.

झालं असं की तिच्या नवऱ्याच्या, इमामचाचाच्या, गोठ्यात चोर शिरला. दोन बकऱ्या हुत्या. चोरानं एक काखंत मारली आनि काटंरी कुपनावरनं उडी टाकाया गेला, तर लुंगी आडाकली. मागनं इमामचाचानं कुऱ्हाड घातली. चोर तिथंच कुपनात मेला. सकाळी गाव गोळा झाला, सगळं म्हनलं, इमाम, भिऊ नको, सांग त्यो अंगावर आला हुता म्हनून, आमी साक्ष देतो. तिघांनी दिली पन. तिघांचं शब्द सेम. मंग डाक्टर हुबा ऱ्हायला, म्हनला घाव पाठीत हाय, कमरंच्या वर. पलीकडच्या वकिलानं एवढंच इचारलं, "पळणारा माणूस तोंड कुठं करतो हो?"

"तुज्या चाचाला बोलताच येईना," चाची म्हनली. "खरं बोलला असता तर कदाचित शिक्षा कमी झाली असती. राग आला, भ्या वाटलं, हात उठला. असं बोलला असता तर जज बी मानूसच की. खोटं बोललो, तिथंच गेलो."

चाचा कोल्हापूरला जेलात गेला, तिथनं आला त्यो खोकला घिऊनच आला, आनि दोन वर्सांत गेला. त्या व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला चोराची बायकू बसायची, पदराखाली पोर घिऊन. दोघींनी एकमेकींकडं बघितलं न्हाई. तिसऱ्या वर्सी तिनं पानी मागितलं.

"दिलंस?"

"दिलं की. तिच्या पोराला तहान लागलीती." मंग बराच येळ चाक फिरवलं आनि म्हनली, "बकरी मातर परत आली. दोन म्हयनं दूध दिलं तिनं. माज्या घशाखाली गेलं न्हाई."

त्या व्हरांड्यात बसून ऐकून ऐकून चाचीला कायदा पाठ झाल्याला. लिवता येत न्हवतं, अंगठा लावायची, पन बोलायची अशी की फौंड्रीतली पोरं तिला वकीलीणबाई म्हनायची. तिची एक सवय हुती. कोन नुसता कोयता घिऊन आला, ऊसतोड न्हाई, जनावर न्हाई, नुसता घरात ठेवायला, तर तिचं तीन सवाल ठरल्यालं. तोंड का पाठ? हातात काय? सूर्य वर का बुडाल्याला?

म्हंजी चोर तुज्याकडं येतोय का चाललाय. त्याच्या हातात तुजा जीव जाईल असं काय हाय का. आनि रात हाय का दिवस. "रातीचं घर फोडून आला तर कायदा तुजं जरा ज्यास्त ऐकतो," ती सांगायची. "उजेडात आला तर इचारतो, बाई, जीव जाईल असं खरंच वाटलं, का नुसता राग आला? आनि पाठ दिसली की रात असू दे न्हायतर दिवस, हात खाली. तोंड हाय तवर तुजा हक्क. पाठ फिरली की त्येचा."

एकजन म्हनला, "मंग काय वकीलीणबाई, चोराला चा पाजायचा का?"

"पाज. साखर कमी टाक. मंग परत यायचा न्हाई."

सगळी हासली. मी न्हाई हासले. 

कारन त्या दिवसांत लय बातम्या यायच्या. मोबाईलवर एक आवाज फिरत हुता, बाया एकट्या बघून शिरत्यात, रातीचं वर लाईट फिरत्यात, ड्रोन सोडून घरं हेरत्यात. खरं किती खोटं किती काय कळंना. पन मागच्या लाईनीत खरंच एक घर फुटलं, सिलिंडर आनि मोबाईल गेला. मंग मानसांनी गज घेतलं, कुनी चाकाची चेन उशाला ठेवली, आनि आमच्या मालकांनी, आरूच्या बापानं, दोन गोष्टी केल्या. एक, गावाकडनं कोयता आनला. दुसरी, सकाळी शिफ्टला जाताना भायेरनं कुलूप लावायला लागलं. मी आनि आरू आत. म्हनायचं, तू भोळी हायस, कोन बी दागिनं उजळून देतो म्हनला की दार उघडशील. आता तुला उघडताच येनार न्हाई. सगळ्या लाईनीनं त्येच बघितलं आनि त्येच केलं. दुपारी सात खोल्यांत पाच बाया आत, आनि दारांवर पाच कुलपं.

चाचीनं बघितलं आनि कपाळ बडवलं, चश्म्यासकट. आमच्या मालकांना म्हनली, "आरं, कुलूप बघून चोर येतो, मानूस बघून न्हवं! हे त्याला आवतान हाय. आनि आग लागली तर?"

"चाची, तुमी तुमचं चाक बघा."

"चाकच बघते. तू तुजी बायकू बघ."

एका रयवारी ह्ये घरात हुतं म्हनून दार उघडं, तवा मी कोयता घिऊन चाचीकडं गेले. तिनं सवाल सुरू केलं, तोंड का पाठ, आनि मला रडूच कोसळलं. म्हनलं, "चाची, मला तुजं काय कळत न्हाई गं. मला फकस्त आरूला कोनी हात लावू नये एवढंच पायजे. मला झोप न्हाई, जेवान जात न्हाई. तू लाव धार."

तिनं कोयता भुईवरनं उचलला. मंग चश्मा खाली केला आनि चाक मारलं. किती येळ मारलं! ठिनग्या नुसत्या. पातं चकाकाया लागलं. मंग तिनं त्याला पोत्याचा तुकडा गुंडाळला, सुतळीनं आवळला, आनि भुईला ठेवून मागं सरली. "सोडून बघत बसू नको, गंज लागंल. पायजे तवाच सोड."

मी उचलला. त्या रातीला मला जरा झोप लागली.

दुसऱ्या दिवसापास्नं चाची दुपारची गेटावर जाईना. आमच्या दारासमोरच चाक मांडून बसायला लागली. खिडकीच्या गजांतनं मी इचारलं, "हितं कशाला, उन्हात?"

"सावली बरी हाय हितली."

सावली कसली, एक झाड न्हाई. गिऱ्हाईक पन कोन यायचं न्हाई तिकडं. मला वाटलं म्हातारी झाली, चालवत नसंल. मी गजांतनं तिला पानी द्यायची, आरू गजाला धरून ठिनग्या बघायची आनि "चाची, दिवाळी! दिवाळी!" म्हनून नाचायची. दीड-दोन म्हयनं असंच.

त्या दिवशी ती नव्हती. सांगलीला सरकारी दवाखान्यात गेलीती, बीपीच्या गोळ्या संपल्याल्या.

एक वाजला आसंल. आरू झोपल्याली. कुलूप वाजलं. मला वाटलं ह्ये आलं, हाफ-डे आसंल. पन किल्लीचा आवाज न्हवता त्यो. लोखंडावर लोखंड. हाक मारायची तर आवाजच फुटंना. गादीखालचा कोयता काढला, सुतळी दातांनी तोडली, पोतं टाकलं, आनि दाराच्या आड हुबी ऱ्हायले. मला आता पन इचारतात काय आलं मनात. काय बी आलं न्हाई. आरूचा पाय चादरीच्या भायेर हुता, तेवढाच दिसत हुता मला.

दार आत आलं. मानूस आत आला. हातात गज आसंल न्हायतर मोठा पाना, मला नीट दिसलं न्हाई, आनि त्यानं मला बघितलं आनि वरडला, "आई गं!" त्योच वरडला. कुलूप बघून त्याला वाटल्यालं घरात कोन न्हाई. हातातलं खाली टाकलं, वळला, आनि पळाया लागला.

म्या मारलं.

त्यो वळला हुता. म्या बघितलं त्यो वळला ते. पाठ दिसली मला, घामानं भिजल्याला निळा शर्ट, आनि म्या दोन्ही हातांनी कोयता घातला त्या शर्टावर. उंबऱ्यावर पडला, उठला, एक चप्पल तिथंच सोडून पळाला. मंग माजा आवाज फुटला.

कोपऱ्यावर मानसांनी धरला त्याला. सेकंड शिफ्टची मानसं निघाली हुती, धा-बारा जन, गज, पट्टं, चेन. मी आरूला काखंत मारून दारात हुबी. एवढं वाजत हुतं त्याच्या अंगावर, आनि मला वाटत हुतं, मारा. खरं सांगते. मारा आनखी.

तवर रिक्षातनं चाची उतरली. हातात दवाखान्याची पिशवी. बघितलं, पिशवी टाकली आनि त्या घोळक्यात शिरून सरळ त्याच्याशेजारी मातीत फतकल मारून बसली. दोन्ही हात त्याच्या डोस्क्यावर.

"चाची, उठ! लागंल तुला!"

"मारा. पयलं मला मारा. हात बघा त्येचं, मोकळं हायती! कुठं पळतोय आता त्यो? आता त्यो चोर हाय आनि तुमी आरोपी!"

"तू काय चोराची सासू हायस का गं?" एकजन वरडला.

"न्हाई बाबा. पन तुजी बायकू वडूजला बसल्याली मला बघायची न्हाई. सात वर्सं डबा घिऊन. कोन कोन बसवनार हाय बायकूला? सांगा, मी जागा दावते व्हरांड्यातली."

गज खाली आलं. एकाएकी न्हाई, एकएक करून आलं. कुनीतरी पोलिसांना फोन लावला. चाचीनं पिशवीतली पान्याची बाटली काढून त्याच्या तोंडाला लावली.

पोलीस आमच्या खोलीत आलं. फौजदार सायेब आनि एक बाई पोलीस. आमचं मालक पळत आल्यालं, माज्या कानात म्हनलं, "सांग, अंगावर आला म्हनून. लहान पोर हाय, कोन काय म्हनत न्हाई."

सायेबांनी इचारलं, "कशानं मारलं? कुठं मारलं? तेव्हा तो काय करत होता?"

चाची दारात हुबी.  डोळ्यानं बी खूण केली न्हाई. नुसती माज्याकडं बघत हुती आनि मला आठवलं, तिघांचं शब्द सेम.  मला दिसाया लागलं, मला नेत्यात, आरू गजाला धरून रडतीया, सासू तिला गावाकडं नेती, ती मला इसरती. दोनच वर्साची ती, किती दिवस ध्यानात ऱ्हानार मी.

म्हनलं, "पाठीवर मारलं सायेब. त्यो वळला हुता. पळत हुता. मी भ्याले हुते, हात थांबला न्हाई."

मालकांनी डोळं मिटलं. बाई पोलिसानं लिवून घेतलं. सायेबांनी कोयता मागितला. त्यांनी त्यो खिडकीशी नेला, उजेडात धरला, आनि पात्यावरनं अंगठा फिरवला. मी दचकले, बोट कापंल म्हनून. त्यांनी परत फिरवला, जोर देऊन.

"ह्याला धारच नाहीये."

त्यांनी पातं उलटं करून दुसरी बाजू बघितली.

"कोणी लावली ही?"

"म्या, सायेब," चाची म्हनली.

"ही धार आहे?"

"न्हाई सायेब. ही काढल्याली हाय."

सायेब तिच्याकडं बघत ऱ्हायलं. मंग माज्याकडं वळून म्हनलं, "बाई, त्याच्या पाठीवर नुसता वळ उठलाय. ह्याला धार असती तर आज दोन गाड्या लागल्या असत्या. एक त्याच्यासाठी, एक तुमच्यासाठी."

कोयता मुद्देमाल म्हनून गेला. चोरावर घरफोडीची केस झाली. कुठल्याशा बंद पडलेल्या वर्कशापातला कामगार हुता म्हनं. मला साक्षीला जायचं हाय, तारीख आली न्हाई अजून. मला धरलं न्हाई, पन पोलिसांची जीप लाईनीत वळली की मी आरूला आत वडते.

चाचीशी मी आठ दिवस बोलले न्हाई. सगळी म्हनत हुती, चाचीमुळं वाचलीस. मला ते ऐकवत न्हवतं. नवव्या दिवशी गेले आनि तोंड सुटलं माजं. "त्यो वळून आला असता तर? त्याच्या हातात लोखंड हुतं! मी त्या बोथट कोयत्यानं काय केलं असतं? मी मेले असते, माजी आरू मेली असती, आनि तू हितं बसून कायदा शिकवला असतास? तू मला सांगितलं न्हाईस! माज्या घरात, माज्या गादीखाली, आनि मलाच म्हाईत न्हाई!"

चाची चाकाचा पट्टा काढत हुती. थांबली.

"व्हय," म्हनली. "मेली असतीस."

मला वाटल्यालं ती कायतरी सांगंल, समजूत घालंल. न्हाई.

"म्हनून तर चाक आनून लावलं तुज्या दारात," मंग हळूच म्हनली. "तुज्या घरातनं दात काढून नेलं म्या. मंग राखन कोन करनार?"

"मंग त्या दिवशी कुठं हुतीस?"

तिनं गोळ्यांचं पाकीट शर्टाच्या खिशातनं काढलं, बघितलं, परत ठेवलं.

"रांगेत."

त्यानंतर दवाखान्यात गेलीच न्हाई ती. गोळ्या संपल्या तरी न्हाई. मी म्हनलं, ह्यांनी म्हनलं, तर "जाईन, जाईन," आनि उन्हात आमच्या दारासमोर. दार आता उघडंच असायचं, लावलं तर कडी आतनं. एक दिवस चाक फिरवता फिरवता एका कुशीवर कलंडली. डावा हात धड उचलंना मंग. तिची मिरजंला दिल्याली लेक आली, म्हनली घिऊन जाते.

जायच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडं नवा कोयता घिऊन गेले. मालकांनी आनल्याला. म्हनलं, "लाव."

"खरी?"

"खरी. ह्या येळेला खरी. ठरवीन मी माजं."

तिनं उजव्या हातानंच लावली. पाय दुखत हुता, मदी मदी थांबत हुती. मंग नखावर बघितली, हातावरचा एक केस उडवला. मी नेहमीसारखी वाट बघत हुबी ऱ्हायले, ती भुईला ठेवंल म्हनून.

"हात कर पुढं."

"चाची, भांडान हुतंय म्हनतीस ना?"

"झालंय की आपलं. आता काय व्हायचं ऱ्हायलंय?"

मूठ माज्या हातात दिली, पन पात्याचं टोक तिनं सोडलं न्हाई. पदर गुंडाळून धरल्यालं.

"तोंड का पाठ?"

"तोंड."

"पाठ दिसली तर?"

"हात खाली."

"आनि लय भ्या वाटलं तर?"

 ती वाट बघत ऱ्हायली. मंग तिनं सोडलं.

आता त्यो कोयता वर फळीवर हाय, आरूचा हात पोचत न्हाई तिथं. पयल्या कोयत्यावर मला झोप लागायची. ह्येच्यावर न्हाई लागत. दुपारी दार वाजलं की मी आधी त्याच्याकडं बघते, मंग दाराकडं, आनि तिचा शेवटचा सवाल, लय भ्या वाटलं तर, परत परत येतो.

ती गेली तवा टेम्पोत पुढं बसाया जागा हुती, लेकीनं लय म्हनलं, पन ती मागंच बसली, गाठोड्यांत, चाकाला धरून, चश्मा कपाळावर, आमच्याकडं तोंड करून. आरूनं हात हालवला. टेम्पो पार कोपऱ्यावर वळला तरी ती तशीच हुती. पाठ तिची मला दिसलीच न्हाई.